आबा, ती सायकल मोडीत घालू नका

कोल्हापूर,
आश्विन वद्य, सोमवार रात्र

ती. आई आणि आबा यांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं बरं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आबांना नीट ऐकू येत नाही. मग माझं बोलणं आई तू तुझ्या शब्दांत त्यांना सांगतेस आणि त्यांचं तुझ्या शब्दांत मला. हे मात्र आबांपर्यंत जसंच्या तसं पोचायला हवं, म्हणून लिहायला बसले. अक्षर मोठं काढलंय. आबा, चष्मा लावा आणि सावकाश वाचा.

आधी माझं चुकलं ते सांगते. मागच्या रविवारी दुपारी आईचा फोन आला तेव्हा "घरीच आहे, जरा पडले होते" असं मी म्हणाले. ते खोटं होतं. मी पन्हाळ्यावर होते, तीन मैत्रिणींबरोबर, आणि सायकलनं गेले होते. आई काळजी करत बसेल हे एक कारण, पण जास्त विचार मनात आला तो आबांचा. मग कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवला आणि तुम्हाला कळायचं ते कळलंच. आबा, तुम्ही काय म्हणालात ते आईनं मला सांगितलं. "माझ्या पोरीवर सायकल मारायची पाळी येऊ नये म्हणून मी २३ वर्षं मारली." ते ऐकल्यापासून मला चैन नाही. कारण तुमचं म्हणणं मला पुरतं समजतं.

आपल्या घरात सायकल म्हणजे फौंड्री, तुमचा लोखंड ओतायचा कारखाना. शिवाजी पेठेतून बिंदू चौक, पुढं तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल आणि शिरोली एमआयडीसी. पहिल्या पाळीला अंधारात निघायचं आणि दुसऱ्या पाळीला मध्यरात्री घरी यायचं. पावसाळ्यात डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ असायची. तुमच्या कानातली काळी वाळू आई ओल्या फडक्यानं काढायची ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मला नोकरी लागली त्या वर्षी तुम्ही बोनसच्या पैशात माझ्यासाठी स्कूटी घेतलीत. स्वतः मात्र पुढंही सायकलच चालवलीत. स्कूटीची चावी माझ्या हातात देताना म्हणाला होता, "आता पायडलला पाय लावायचा नाही." आणि मीच परत पायडलवर बसले. तुम्हाला लागणारच.

म्हणून मी का गेले ते नीट सांगते.

सप्टेंबर म्हणजे आमच्या बँकेत सहामाही. दर वर्षीच ओढाताण असते, पण या वेळी दोन टेबलं रिकामी होती आणि त्यांचं काम माझ्याकडं आलं. गणपतीत गौरीच्या हळदीकुंकवालाही मी दिवेलागण उलटून गेल्यावर घरी पोचले. शनिवार-रविवार सगळे गेले. थकबाकीदारांना फोन करायचे, त्यांची बोलणी ऐकायची आणि संध्याकाळी साहेबांची ऐकायची. रात्री डोळे मिटले तरी खात्यांचे आकडे दिसायचे. एका रात्री तुमचा नातू खोडरबर हरवलं म्हणून रडत होता. मी त्याच्यावर अशी ओरडले की तो रडायचाच थांबला आणि माझ्याकडं नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडं गेले. रक्तदाब वाढला होता. गोळी दिली नाही. पंधरा दिवस नीट झोपा, अंग हलवा, मग परत बघू, असं म्हणाले. आई, हे तुला सांगितलं नव्हतं. आता परवा परत मोजला, बराच खाली आलाय. शपथ घेऊन सांगते, यात काही लपवलेलं नाही.

सायकल तेव्हाच घेतली, ओळखीतून, वापरलेली, साडेसहा हजारांना. तिला गिअर आहेत. पहिले पंधरा दिवस रंकाळ्याभोवती फिरवली. मग कॅशमधली माझी मैत्रीण म्हणाली, कोजागरी झाली की येणारा रविवार मोकळा ठेव. शाळेतली एक मैत्रीण आणि शेजारच्या वहिनी, अशा आम्ही चौघी निघालो. जावयांनी आदल्या रात्री चारही सायकलींत हवा भरून दिली आणि सकाळी नातवाला सांभाळलं.

सहाच्या आधी गंगावेशीत पोचलो. आबा, दूधकट्टा अजून तसाच आहे. म्हशी उभ्या, समोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात. तुम्ही मला इथं आणायचा तेव्हा वरच्या फेसाची माझ्या ओठावर मिशी उमटायची आणि तुम्ही ती अंगठ्यानं पुसायचा. मी एक पेला उभ्यानंच प्यायले. उपाशीपोटी निघाले नव्हते, आई.

शिवाजी पुलावर आलो तेव्हा खाली नदी दिसतच नव्हती. पाण्यावर धुक्याचा थर होता आणि त्यातून घाटावरच्या दीपमाळांची टोकं तेवढी वर आलेली. शरदाची हीच वेळ मला सगळ्यात आवडते. दुपारी ऑक्टोबरचं ऊन कातडी सोलतं, पण पहाटे अंगावर काटा येतो. पुलावर थांबल्यावर २०१९ चा ऑगस्ट आठवला. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि पाणी ५५ च्याही वर गेलं होतं. आंबेवाडी, चिखलीची माणसं शहरात आणून ठेवली होती आणि आई, तू शेजारच्या बायकांना गोळा करून परातीच्या पराती भाकरी थापत होतीस. आता त्याच आंबेवाडीच्या शिवारात ऊस डोक्याच्या वर गेलाय. तुऱ्याला अजून वेळ आहे. रस्त्याच्या कडेनं दवानं भिजलेलं गवत आणि कोळ्यांची जाळी. वडणगे फाट्यापर्यंत आम्ही चौघी फार बोललोच नाही. कुणाचा फोन वाजला नाही, की कुणी काही मागितलं नाही. चेनचा तेवढा आवाज. आबा, सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात एकही आकडा नव्हता.

केर्लीच्या फाट्यावर जोतिबाचा रस्ता फुटतो ना, तिथं मी एकटीच थांबले. बाकीच्यांना वाटलं मला दम लागला. मला खेटे आठवले होते, माघातल्या रविवारी जोतिबाला चालत जायची ती वारी. सायकलच्या नळीवर तुम्ही माझ्यासाठी छोटं सीट बसवून घेतलं होतं. मी पुढं आणि माझ्या डोक्यावर तुमची हनुवटी. इथं कुणाच्या तरी अंगणात सायकल लावून आपण चालत डोंगर चढलो होतो. येताना उतारावर तुम्ही पायडल मारायचं थांबवलंत, दोन्ही पाय बाजूला सोडलेत आणि "चांगभलं" म्हणून ओरडलात. माझ्या कपाळाला गुलाल, तुमच्या मिशीत गुलाल. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी परत फार वेळा पाहिलं नाही. तीच ही सायकल, आबा. फौंड्रीला जाणारीच. मला सायकल म्हटलं की पोत्याची खोळ आठवते तसा तो उतारही आठवतो. मी पन्हाळ्याला निघाले ती त्या उतारासाठी.

पुढं वाघबीळच्या अलीकडं माझं मागचं चाक बसलं. आसपास दुकान नाही. वहिनी म्हणाल्या, एखादा टेम्पो थांबवू. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. आबा, हे सविस्तर लिहिते, कारण हे तुमचं आहे.

सायकल उलटी केली, चेन बाजूला घेतली, चाक मोकळं केलं. तुम्ही चमच्याच्या दांड्यांनी टायर काढायचा, माझ्याकडं त्यासाठी प्लास्टिकच्या दोन पट्ट्या होत्या. ट्यूब काढून पंपानं फुगवली आणि गालाजवळून सावकाश फिरवली. आपल्या घरी पाण्याची परात असायची, रस्त्यावर कुठली परात? एका जागी गालाला बारीक गार फुंकर लागली. त्यावर बाटलीतलं पाणी सोडलं, बुडबुडे आले. पुसून कोरडं केलं, पॉलिश पेपर मारला, सोल्यूशन लावलं आणि थांबले. शाळेतली मैत्रीण म्हणाली, चिकटव की. मी म्हटलं, नाही, बोट लावल्यावर नुसतं ओढलं पाहिजे, बोटाला लागता कामा नये. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं की ते माझं नाही. मग पॅच लावला आणि दगडानं हलकं ठोकलं.

ट्यूब घालायला गेले आणि थांबले. तुमचा आवाजच आला कानात, "टायरातनं आधी बोट फिरव. चोर आतच बसलेला असतो." फिरवलं. एक फेरा झाला, काही नाही. दुसऱ्या फेऱ्याला बोटाला टोचलं. ट्रकच्या फाटक्या टायरातली तार, अर्ध्या इंचाची, केसासारखी. बाहेरून दिसतही नव्हती. तशीच ट्यूब घातली असती तर वाघबीळचा घाट लागायच्या आत परत बसली असती. तार मी रुमालात बांधून आणलीय. कॅशवाली मैत्रीण विचारत होती, हे कुठं शिकलीस? मी म्हटलं, शिवाजी पेठेत, आमच्या दारात, दर रविवारी.

घाट सगळा चढवला नाही. दोन ठिकाणी उतरून ढकलत नेली. घाई कुणालाच नव्हती. कडेच्या उतारावर सोनकी फुललीय, पिवळीधम्मक, आणि खाली बघावं तर दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे चौकोन. २०२१ च्या जुलैत चार दरवाजाजवळ रस्ता खचला होता आणि गडावर गाडी जात नव्हती, आठवतं? आता पक्का झालाय. आणि २०२५ च्या जुलैत महाराजांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात आपला पन्हाळा आहे. गर्दी त्यामुळं वाढल्यासारखी वाटली.

अंबरखान्यात मात्र कुणी नव्हतं. आत गार अंधार आणि भिंती अशा जाड की बाहेरचा आवाज आत येत नाही. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं तुम्हीच मला सांगितली होती. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने सोसला तो या धान्याच्या जिवावर. तिथं मी भिंतीला पाठ लावून बसले आणि मला चक्क डुलकी लागली. वीस मिनिटं असेल. मैत्रिणींनी उठवलं नाही. मग तीन दरवाजाजवळ झुणका-भाकरी, खर्डा आणि दही. भाकरी आईच्या हातची नव्हती, पण मी दोन खाल्ल्या. तिथंच बसले असताना तुझा फोन आला, आई.

निघताना मैत्रिणीनं मोबाइलवर अंतर बघितलं. २१ किलोमीटर. सगळ्या खूश झाल्या, फोटो काढले. मी मनात हिशेब करत होते. शिवाजी पेठ ते शिरोली, जाता-येता मिळून अठरा-वीस. म्हणजे ज्याचं आम्हाला एवढं कौतुक वाटत होतं, तेवढं तुम्ही रोज चालवत होता. मधे आठ तास साचे उचलून. गिअर नाहीत, एका हँडलला डबा, येताना पुलावर समोरून वारा. आबा, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही, पण पायांना माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आल्या आणि प्रत्येक पायरीला तुमची आठवण झाली. त्या २३ वर्षांत माझी फी एकदाही उशिरा भरली गेली नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मी कधी विचारलं नाही. आता लिहून सांगते, मला त्या प्रत्येक फेरीची जाणीव आहे.

येताना उतार संपल्यावर वास आला आणि आम्ही चौघी न बोलता वळलो. गुऱ्हाळ. पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, त्याच्या आधी लागलेलं. पूर्वी गावागणिक होती, आता शोधावी लागतात. ऊस कारखान्याला जातो आणि या कामाला माणूस मिळत नाही.

आबा, तुम्ही हवे होता. चुलवाणात जळव्या वाळलेली चिपाडं सारत होता, एकसारखी, जाळ वर नाही की खाली नाही. काहिलीत रस उकळत होता. भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढत होते. गुळव्या म्हातारा, तुमच्याच वयाचा. बोलत काहीच नव्हता. नुसता काहिलीकडं बघत होता. आधी मोठे फुगे, मग बारीक, मग रंग बदलून दाट लाल. त्यानं गार पाण्यात हात बुडवला, थेंबभर पाक पाण्यात सोडला, चिमटीत वळून गोळी केली, मोडून पाहिली आणि मान हलवली. अजून नाही. परत तेच. तिसऱ्यांदा गोळी वळली आणि त्यानं नुसता हात वर केला. एका दमात काहील वाफ्यात कलंडवली, कुणी कुणाला हाक मारली नाही. तुम्ही म्हणायचा, ओतताना हात मधेच थांबला की कास्टिंग वाया गेलं. लोखंडाचा रंग बघून भट्टी सांगता यायची तुम्हाला. मी लहान होते, मला वाटायचं तुम्ही बढाई मारता. त्या गुळव्याचे डोळे बघितले आणि मला पटलं. मी त्याला सांगितलं, माझे वडील फौंड्रीत मोल्डर होते. तो म्हणाला, "मग त्यास्नी घेऊन या की." आणि वाफ्याच्या कडेचा गरम गूळ चिपाडावर घेऊन माझ्या हातावर ठेवला.

गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, घेतलाय आणि काकवीची बाटली. आई, दिवाळीच्या करंज्यांना तोच गूळ वापर. आपल्या घनसाळ भाताला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं कोल्हापूरच्या गुळालाही आहे, दोन्ही एका घरात येऊ देत. घनसाळ निसवला का? परतीचा पाऊस तिकडं आजऱ्याला जास्त झाला म्हणतात, भात लोळलं तर नाही ना, ते कळवा.

महिन्यातून एक रविवार मी असा जाणार आहे. खोटं न बोलता, तुम्हाला सांगून. निघताना आणि पोचल्यावर आईला फोन करेन, हेल्मेट घालेन, महामार्गावर अंधारात चालवणार नाही. आई, तुझ्या काळजीपुढं माझ्याकडं एवढंच आहे. आणि रागावायचं असेल तर रागव, पण सांगू नको असं मला वाटायला लावू नको.

आणि आबा, एक मागणं आहे. आई म्हणत होती, गोठ्याच्या भिंतीला लावलेली तुमची काळी सायकल दिवाळीच्या झाडलोटीत मोडीत घालायची ठरवलीय. घालू नका. मी नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी येतेय, येताना सामान घेऊन येते. टायर २८ बाय दीडचा ना? ट्यूबही तीच. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक हे मला पाठ आहे, पण त्यातले मोडलेले किती ते मोजून ठेवा. ब्रेकची रबरं आणि व्हॉल्व्हची नळी मी घेतेच. चेन चालेल का बघा, नाहीतर आत्ताच रॉकेलमध्ये भिजत घाला. नळीवरचं माझं ते छोटं सीट माळ्यावर असेल, लाकडी पेटीच्या मागं. ते काढून ठेवा. नातू आता चौथीत आहे, त्यावर मावणार नाही, पण त्याला दाखवायचंय.

मागच्या टायरमधून बोट फिरवायचं काम त्याला द्या. मी पॅच लावते.

तुमची,
ताई